एका विंडोला ठाऊक, दुसरीला नाही

गो ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण भाषेतली नसतेच. इन्स्टॉलर डाउनलोड होतो, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' होतं, आणि टर्मिनलमध्ये 'गो व्हर्जन' टाइप केलं की उत्तर येतं, अशी कमांड सापडली नाही. फोल्डर उघडून बघावं तर प्रोग्राम जागच्या जागी. मग कुणीतरी सांगतं, 'पाथ सेट कर'. तो केल्यावर वेगळीच गंमत सुरू होते. नव्या विंडोत गो चालतं, आधीपासून उघड्या असलेल्या विंडोत चालत नाही, आणि एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये आज चालतं तर उद्या नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट करण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि बहुतेकदा लागूही पडतो. का लागू पडला हे मात्र कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी परत तीच रड.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'कॉम्प्युटरमध्ये' सेट होतं, ही समजूत या घोळाच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामजवळ, म्हणजे प्रोसेसजवळ, नावं आणि मूल्यं यांची स्वतःची एक यादी असते. 'होम' बरोबर अमुक, 'पाथ' बरोबर तमुक, अशा साध्या ओळी. एका प्रोसेसने दुसरी सुरू केली की या यादीची नक्कल नव्या प्रोसेसच्या हाती पडते. शाळेला निघताना घरून भरून दिलेल्या डब्यासारखं हे काम आहे. निघताना जे भरलं ते मिळालं. मूल शाळेत पोचल्यावर घरी कितीही चांगली भाजी झाली तरी ती डब्यात उतरत नाही, आणि मित्राकडून डब्यात घेतलेली चटणी घरच्या पातेल्यात जात नाही.

ही पद्धत आजच्या रूपात १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. युनिक्समध्ये नवा प्रोग्राम चालवायचा तर कर्नेलला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणता प्रोग्राम, त्याला कोणते शब्द द्यायचे आणि त्याच्या हाती कोणती यादी ठेवायची. मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे आजही हेच चालतं. मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये डॉसच्या २.० आवृत्तीत ही कल्पना घेतली आणि विंडोजने ती पुढे चालवली. यादी जन्माच्या वेळी मिळते, हा नियम तिन्ही ठिकाणी सारखा आहे. फरक आहे तो यादी पहिल्यांदा कोण भरतं आणि कुठल्या फायलींतून भरतं यात. म्हणून 'व्हेरिएबल सेट केलं का?' यापेक्षा 'या प्रोग्रामला सुरू कुणी केलं, आणि त्या सुरू करणाऱ्याकडे ते व्हेरिएबल तेव्हा होतं का?' हा प्रश्न जास्त कामाचा.

खाली कमांड आणि फोल्डरांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची, आणि व्हेरिएबलांची नावं कॅपिटलमध्ये.

गोच्या बाबतीत नावं मोजकीच आहेत. 'गोरूट' म्हणजे भाषेची साधनं जिथे बसवली तो फोल्डर. 'गोपाथ' म्हणजे तुमच्या कामाची जागा. 'गोबिन' म्हणजे तयार झालेले प्रोग्राम कुठे ठेवायचे ते. आणि 'पाथ', जो गोचा नाहीच, सगळ्या सिस्टिमचा आहे. गो २००९ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली आणि पहिली पक्की आवृत्ती २०१२ च्या मार्चमध्ये आली. त्या काळात गोपाथ हाताने सेट केल्याशिवाय पान हलत नसे. गोपाथच्या आत एसआरसी, पीकेजी आणि बिन असे तीन फोल्डर, आणि तुमचा सगळा कोड एसआरसीच्या पोटात ठरावीक जागीच ठेवायचा, असा दंडक होता. २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून गोपाथला डिफॉल्ट मूल्य मिळालं, ते म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधला 'गो' नावाचा फोल्डर. पुढे २०१८ मध्ये १.११ बरोबर मॉड्यूल्स चाचणीसाठी आले आणि २०२१ च्या १.१६ पासून तेच रूढ झाले. आता कोड कुठेही ठेवा, शेजारी 'गो डॉट मॉड' फाइल असली म्हणजे झालं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की इंटरनेटवर आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये फिरणाऱ्या सूचना अजून त्या जुन्या काळातल्या आहेत. 'गोरूट सेट करा, गोपाथ सेट करा, तीन फोल्डर बनवा' असं त्यांत लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर गोरूटला हात लावूच नये. गो कमांडला आपण कुठे बसलो आहोत हे स्वतःहून कळतं. तुम्ही गोरूट पक्कं लिहून ठेवलंत, सहा महिन्यांनी नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवलीत, की पाथ नवीन गो शोधतो आणि गोरूट जुन्या फोल्डरकडे बोट दाखवतं. मग कंपायलरची आवृत्ती आणि गो टूलची आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार स्क्रीनवर येते, आणि वाचणारा कोड तपासत बसतो. विंडोजवर हे विशेष घडतं, कारण तिथे पूर्वी गो थेट सी ड्राइव्हवर बसायचं आणि आता प्रोग्राम फाइल्समध्ये बसतं.

गोपाथ बदलायला मात्र एक खरंखुरं कारण असतं. उतरवलेली सगळी मॉड्यूल्स गोपाथच्या आत पीकेजी फोल्डरात साठतात आणि काही महिन्यांत हा साठा बराच फुगतो. सी ड्राइव्ह लहान आणि डी ड्राइव्ह रिकामा असेल तर गोपाथ डी वर न्यावा. (हा साठा हाताने पुसायला जाल तर फायली रीड-ओन्ली असल्यामुळे अडचण येते. 'गो क्लीन -मॉडकॅश' ही त्यासाठीची कमांड.) बाकी बहुतेकांना एवढंच लागतं, की गोपाथच्या आतला बिन फोल्डर पाथमध्ये असावा. 'गो इन्स्टॉल' केलेले प्रोग्राम तिथे येऊन पडतात, आणि पाथमध्ये तो फोल्डर नसला की इन्स्टॉल केलेलं साधन नाव घेऊन चालत नाही.

पाथ म्हणजे फोल्डरांची एक ओळ. तुम्ही 'गो' टाइप केलंत की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या ओळीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये बघतं, नाही मिळालं तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मिळालं की तिथेच थांबतं. पुढच्या फोल्डरात त्याच नावाचा नवा प्रोग्राम असला तरी त्याला कुणी विचारत नाही. 'मी तर नवी आवृत्ती बसवली, मग जुनीच का दाखवतंय?' याचं उत्तर बहुतेकदा या क्रमात सापडतं. मॅक आणि लिनक्सवर 'विच -ए गो' आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर गो' असं विचारलं की सापडलेल्या सगळ्या जागा त्याच क्रमाने छापून येतात. फोल्डरांच्या मधली खूण युनिक्सच्या घराण्यात ':' आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या नावातच ':' येतो, म्हणून तिथे ';' वापरतात. एका सिस्टिमसाठी लिहिलेली ओळ दुसरीवर चिकटवली की पहिला अपघात या खुणेपाशी होतो.

विंडोजपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा तेच असतं.

विंडोज व्हेरिएबलं रजिस्ट्रीत दोन ठिकाणी साठवतं. एक यादी सगळ्या मशीनची, दुसरी तुमच्या अकाउंटची. तुम्ही लॉगिन केलंत की दोन्ही मिळून एक यादी तयार होते. दोन्हीकडे एकाच नावाचं व्हेरिएबल असेल तर तुमच्या अकाउंटचं जिंकतं. पाथ मात्र याला अपवाद. तिथे दोन्ही जोडले जातात, आधी मशीनचा, मागून तुमचा. म्हणजे मशीनच्या पाथमध्ये जुनं गो बसलेलं असेल तर तुमच्या पाथमध्ये काहीही लिहिलंत तरी जुनंच आधी सापडणार. लॅबच्या कॉम्प्युटरवर ही गोष्ट हमखास गाठते, कारण मशीनचा पाथ बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात आणि ते विद्यार्थ्याकडे नसतात.

बदल करायची जागा सोपी आहे. स्टार्ट मेनूत 'एन्व्ह' एवढं टाइप केलं की दोन पर्याय दिसतात. 'एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' हा अ‍ॅडमिनवाल्यांचा आणि 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट' हा तुमचा. दुसरा घ्यावा. वरच्या चौकटीत तुमची व्हेरिएबलं, खालच्या चौकटीत मशीनची. वरच्या चौकटीत 'पाथ' निवडून 'एडिट' दाबलं की विंडोज १० पासून प्रत्येक फोल्डर वेगळ्या ओळीत दिसतो. पूर्वी सगळा पाथ एका बोटभर खोक्यात भरलेला असायचा आणि त्यात एक ';' चुकला की सगळंच बिघडायचं. तिथे 'न्यू' दाबून '%यूझरप्रोफाइल%\गो\बिन' घालायचं आणि उघडलेल्या प्रत्येक चौकटीत 'ओके' दाबत बाहेर यायचं. गोचा आजचा विंडोज इन्स्टॉलर हा फोल्डर स्वतःच पाथमध्ये घालतो. त्यामुळे आधी बघावं, मग लिहावं.

'ओके' दाबल्यावर विंडोज सगळ्या उघड्या प्रोग्रामांना निरोप पाठवतं की व्हेरिएबलं बदलली. हा निरोप मनावर घेणारा मुख्य प्रोग्राम म्हणजे एक्स्प्लोरर, जो डेस्कटॉप आणि टास्कबार चालवतो. तो आपली यादी नव्याने वाचतो. म्हणून त्यानंतर स्टार्ट मेनूतून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टला नवा पाथ मिळतो. आधीच उघडा असलेला कमांड प्रॉम्प्ट निरोपाकडे लक्ष देत नाही, तो आपल्या जुन्या यादीवरच चालतो. व्हीएस कोड हा एडिटर आधीपासून उघडा असेल तर त्याच्या आत कितीही नवी टर्मिनलं उघडा, त्यांना यादी मिळते व्हीएस कोडकडून आणि व्हीएस कोडची यादी सकाळची. टर्मिनल बंद करून भागत नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या विंडो बंद करून तो परत उघडावा लागतो. रीस्टार्टने काम होतं ते यामुळेच, झाडून सगळे प्रोग्राम नव्याने जन्माला येतात म्हणून. गरज मात्र एकाच प्रोग्रामच्या पुनर्जन्माची होती.

कमांड प्रॉम्प्टमधून व्हेरिएबल लावायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे स्वभाव वेगळे. 'सेट गोपाथ=डी:\काम' हे फक्त त्या विंडोपुरतं. विंडो बंद, व्हेरिएबल गायब. यात '=' च्या आधी मोकळी जागा सोडली तर विंडोज ती जागाही नावात धरतं. 'गोपाथ' नावाचं व्हेरिएबल तसंच राहतं आणि शेवटी एक स्पेस असलेलं, दिसायला हुबेहूब दुसरं व्हेरिएबल तयार होतं. ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस तशीच मूल्यात जाते, आणि मूल्याभोवती अवतरणचिन्हं दिलीत तर तीही मूल्याचा भाग होतात. स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही आणि फोल्डर काही सापडत नाही.

दुसरा मार्ग 'सेटएक्स'. हा रजिस्ट्रीत लिहितो, म्हणजे कायमचा, पण ज्या विंडोत तो चालवला त्या विंडोला त्याची खबर नसते. गोपाथसारख्या साध्या व्हेरिएबलसाठी तो ठीक आहे. पाथसाठी वापरू नये, आणि 'सेटएक्स पाथ "%पाथ%;नवा फोल्डर"' ही जागोजागी सुचवली जाणारी ओळ तर मुळीच नाही. तिथे '%पाथ%' म्हणजे मशीनचा आणि तुमचा असा जोडलेला पाथ. तो सगळाच्या सगळा तुमच्या अकाउंटच्या पाथमध्ये लिहिला जातो. वर सेटएक्स १,०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं. पाथ लांबलचक असेल तर शेपूट गेलं, आणि त्या शेपटात काय होतं हे नंतर एकेक प्रोग्राम बंद पडायला लागल्यावर कळतं.

पॉवरशेलचा कारभार आणखी निराळा. कमांड प्रॉम्प्टमध्ये मूल्य '%गोपाथ%' असं वाचतात, पॉवरशेलमध्ये '$एन्व्ह:गोपाथ' असं. पॉवरशेलमध्ये 'सेट गोपाथ=डी:\काम' लिहिलं तर ते विनातक्रार चालतं आणि गोपाथला काहीही होत नाही, कारण तिथे 'सेट' हे वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे आणि ती पॉवरशेलचं स्वतःचं एक अंतर्गत व्हेरिएबल बनवून मोकळी होते. शिकणाऱ्याला निळी विंडो आणि काळी विंडो सारखीच वाटते, त्यामुळे इथे तास जातात.

होम फोल्डरच्या नावाचंही एक सांगायला हवं. विंडोज नवीन असताना आपण नाव-आडनाव लिहितो, आणि मधल्या स्पेससकट तेच फोल्डरचं नाव होऊन बसतं. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं तर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, त्यामुळे 'यूझर्स' फोल्डरमध्ये आपलं नाव शोधणाऱ्याला अर्धवट तुटलेलं नाव दिसतं. गो स्वतः स्पेस असलेलं नाव सांभाळून घेतं, पण मेकसारखं जुनं साधन सोबत लागलं की स्पेसपाशी नाव तुटून दोन तुकडे होतात. गोपाथ डी ड्राइव्हवर, छोट्या आणि स्पेस नसलेल्या नावाच्या फोल्डरात नेण्याचं हे दुसरं कारण.

मॅककडे वळलं की रजिस्ट्री जाते आणि तिच्या जागी साध्या फायली येतात. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकचं डिफॉल्ट शेल झेड-शेल आहे, त्याआधी बॅश होतं. जुन्या सूचनांमध्ये 'डॉट बॅश प्रोफाइल' फाइलमध्ये लिहा असं असतं. झेड-शेल ती फाइल उघडतही नाही. त्याच्या फायली वेगळ्या. 'डॉट झेडशेल-एन्व्ह' नेहमी वाचली जाते, 'डॉट झेड-प्रोफाइल' लॉगिन शेलमध्ये आणि 'डॉट झेडशेल-आरसी' तुम्ही समोर बसून टाइप करता त्या शेलमध्ये. मॅकचं टर्मिनल प्रत्येक नवी विंडो लॉगिन शेल म्हणून उघडतं, त्यामुळे तिन्ही फायली या क्रमाने वाचल्या जातात.

सगळ्यात आधी आणि नेहमी वाचली जाणारी फाइल पाथसाठी उत्तम, असं वाटणं साहजिक आहे. मॅकवर ते खोटं ठरतं. पहिली फाइल वाचून झाल्यावर आणि तुमची झेड-प्रोफाइल वाचण्याआधी सिस्टिमची स्वतःची एक प्रोफाइल चालते, आणि ती पाथ-हेल्पर नावाच्या छोट्या प्रोग्रामला बोलावते. पाथ-हेल्पर '/ईटीसी/पाथ्स' फाइल आणि '/ईटीसी/पाथ्स.डी' फोल्डरातल्या फायली वाचतो, त्यांतले फोल्डर पुढे मांडतो आणि तुम्ही आधी घातलेले मागे ढकलतो. तुमचा फोल्डर पाथमध्ये दिसतो, पण शेवटी. मग जुनीच आवृत्ती आधी सापडते. म्हणून पाथची ओळ झेड-प्रोफाइलमध्ये किंवा झेडशेल-आरसीमध्ये लिहावी. ओळ अशी: एक्स्पोर्ट पाथ="$पाथ:$होम/गो/बिन". तुमचा फोल्डर आधी तपासला जावा असं वाटत असेल तर '$पाथ' शेवटी लिहायचं, बाकी तसंच.

गोचा मॅकचा इन्स्टॉलर पाथ्स.डी या सोयीचा फायदा घेतो. तो तिथे एक छोटी फाइल टाकतो, तिच्यात '/यूएसआर/लोकल/गो/बिन' एवढी एकच ओळ, आणि 'गो' कमांड चालू होते. होम फोल्डरमधला बिन मात्र तो पाथमध्ये घालत नाही. विंडोजवर आपोआप झालेलं काम इथे हाताने करावं लागतं, आणि 'गो चालतं पण गो इन्स्टॉल केलेलं साधन चालत नाही' ही मॅकवाल्यांची नेहमीची तक्रार इथून येते.

आता डॉकवरच्या चिन्हावर क्लिक करून एडिटर उघडा. त्याला शेलने सुरू केलेलं नाही. मॅकवर असे प्रोग्राम लाँच-डी नावाची प्रोसेस सुरू करते, आणि तिने तुमच्या झेड फायली कधी पाहिलेल्याच नसतात. म्हणजे टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत आणि एडिटर म्हणतो गो सापडत नाही. व्हीएस कोडने यावर एक युक्ती केली आहे. सुरू होताना तो गुपचूप तुमचं शेल चालवतो, त्याची यादी वाचून घेतो आणि तीच वापरतो. तुमच्या झेडशेल-आरसीत वेळखाऊ मालमसाला भरलेला असेल तर ही वाचणी वेळेत होत नाही आणि व्हीएस कोड तसा इशारा दाखवतो. लोक तो इशारा बंद करतात आणि नंतर गो का सापडत नाही म्हणून विचारतात. ज्या एडिटरला ही युक्ती येत नाही तो टर्मिनलमधून सुरू करणं हा सरळ उपाय. मग त्याला यादी शेलकडून मिळते.

लिनक्सवर अधिकृत गो म्हणजे एक दाबलेली फाइल, '/यूएसआर/लोकल' मध्ये सोडवायची. इन्स्टॉलर नाही, त्यामुळे पाथ पूर्णपणे तुमच्यावर. फायली दोन लक्षात ठेवायच्या. 'डॉट प्रोफाइल' तुम्ही लॉगिन करता तेव्हा एकदा वाचली जाते. 'डॉट बॅश-आरसी' उबुंटूसारख्या डेस्कटॉपवर टर्मिनलची प्रत्येक विंडो उघडताना वाचली जाते. पाथ डॉट प्रोफाइलमध्ये लिहिला तर मेनूतून उघडलेल्या प्रोग्रामांनाही तो मिळतो, पण एकदा लॉग-आउट करून परत यावं लागतं. बॅश-आरसीमध्ये लिहिला तर पुढच्याच विंडोत दिसतो, पण टर्मिनलबाहेर नाही. मी डॉट प्रोफाइलच्या बाजूचा. एक चकवा मात्र आहे. होम फोल्डरमध्ये 'डॉट बॅश प्रोफाइल' नावाची फाइल असली तर बॅश लॉगिनला तीच वाचतं आणि डॉट प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. एखादं साधन बसवताना ती फाइल तयार झालेली असते आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

'/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट' ही सगळ्या यूझर्ससाठीची फाइल शेल वाचत नाही, लॉगिनची यंत्रणा वाचते. तिच्यात 'एक्स्पोर्ट' लागत नाही आणि '$होम' लिहिलं तर त्याचा विस्तार होत नाही, मूल्यात '$होम' हीच अक्षरं बसतात. '~' या खुणेचीही अशीच गत. शेल ती सुटी दिसली तरच तिच्या जागी होम फोल्डर घालतं, अवतरणचिन्हांत ठेवली तर तशीच राहू देतं. गोपाथ="~/गो" असं लिहून बघा. गो स्वच्छ शब्दांत नकार देतं की गोपाथची सुरुवात शेलच्या या खुणेने होऊ शकत नाही. मला हा नकार आवडतो. इतर साधनं मुकाट्याने '~' नावाचा फोल्डर तयार करून त्यात फायली टाकत बसतात.

यादी जन्मावेळी मिळते हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर लिनक्ससारखी जागा नाही. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एक फोल्डर '/प्रॉक' मध्ये असतो आणि त्यात 'एन्व्हायरन' नावाची फाइल. टर्मिनलमध्ये आधी 'एक्स्पोर्ट चाचणी=१' करा (नाव इंग्रजी अक्षरांत). मग 'प्रिंट-एन्व्ह' चालवा, चाचणी दिसेल, कारण प्रिंट-एन्व्ह शेलचं लेकरू आहे आणि त्याला ताजी यादी मिळाली. आता '/प्रॉक/$$/एन्व्हायरन' उघडून बघा. '$$' म्हणजे खुद्द या शेलचा नंबर. तिथे चाचणीचा मागमूस नसतो. ती फाइल शेलला सुरू होताना काय मिळालं तेवढंच दाखवते. सगळी व्हेरिएबलं एकाला एक चिकटून येतात, कारण त्यांच्यामध्ये न दिसणारा शून्य बाइट असतो. 'टीआर' कमांडने त्याच्या जागी नवी ओळ घातली की वाचता येतं.

विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे डब्ल्यूएसएलवाल्यांसाठी, एक वाकडं वळण आहे. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ उचलून लिनक्सच्या पाथच्या मागे जोडतं. त्यामुळे लिनक्समध्ये बसून विंडोजचे प्रोग्राम चालवता येतात, ही सोय. पण विंडोजमध्ये बसवलेलं गो लिनक्सला 'गो' या नावाने सापडत नाही, कारण त्याच्या फाइलीच्या नावामागे 'डॉट ईएक्सई' आहे आणि लिनक्स ते शेपूट स्वतःहून जोडत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये गो वेगळं बसवावं. गोपाथसारखी बाकी व्हेरिएबलं इकडून तिकडे आपोआप जात नाहीत आणि ते बरंच आहे, कारण 'डी:\काम' हा पत्ता लिनक्सला निरर्थक.

एवढा व्याप टाळण्यासाठी गोने २०१९ मध्ये, १.१३ आवृत्तीत, स्वतःची सोय केली. 'गो एन्व्ह -डब्ल्यू गोपाथ=...' असं लिहिलं की गो ते मूल्य आपल्या एका खासगी फाइलीत टिपून ठेवतं. लिनक्सवर ती फाइल होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' मध्ये असते, मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये आणि विंडोजवर अ‍ॅपडेटामध्ये. शेल कोणतं, विंडो जुनी की नवी, एडिटर डॉकवरून उघडला की टर्मिनलमधून, कशाचाच संबंध उरत नाही, कारण गो प्रत्येक वेळी सुरू होताना ती फाइल वाचतं. तिन्ही सिस्टिमवर कमांड तीच. गोपाथ, गोबिन, प्रॉक्सी, कंपनीची खासगी मॉड्यूल्स, या सगळ्यांसाठी मी हाच मार्ग सुचवेन. मूल्य परत डिफॉल्टवर न्यायचं तर '-डब्ल्यू' च्या जागी '-यू'.

याला दोन मर्यादा आहेत. पाथ यातून बदलता येत नाही, तो गोचा नव्हेच. आणि सिस्टिमच्या यादीत त्याच नावाचं व्हेरिएबल असेल तर तेच वरचढ ठरतं. गो तसा इशारा देतं, पण कमांड चालते, म्हणून इशारा वाचायचा राहून जातो. कुठल्या व्हेरिएबलचं मूल्य गो शेवटी काय धरून चाललंय हे 'गो एन्व्ह गोपाथ' सांगतं, आणि १.२३ पासून 'गो एन्व्ह -चेंज्ड' फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळी असलेली मूल्यं दाखवतं. कुणाची मदत मागायची असेल तर या दोन कमांडचं उत्तर आणि 'विच -ए गो' किंवा 'व्हेअर गो' चं उत्तर सोबत द्यावं. बहुतेक वेळा मदत करणाऱ्याला चौथं काही विचारावं लागत नाही.

शेलबाहेर सुरू होणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी सर्व्हरवर भेटतात. 'सूडो गो ...' केलं की कमांड सापडत नाही, कारण सूडो तुमचा पाथ बाजूला ठेवून आपला ठरावीक सुरक्षित पाथ वापरतं आणि त्यात '/यूएसआर/लोकल/गो/बिन' नसतं. तिथे गोचा पूर्ण पत्ता लिहावा. मुळात गोला सूडोची गरज क्वचितच पडते, आणि सूडोने चालवलेल्या गोने तयार केलेल्या फायली रूटच्या मालकीच्या होऊन पुढे त्रास देतात. ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन तर '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढ्याच दोन फोल्डरांचा पाथ घेऊन निघतं. हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री दोन वाजता क्रॉनमध्ये पडते ती बहुधा यामुळेच. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ लिहिता येते, पण तिथेही '$पाथ' चा विस्तार होत नाही, सगळे फोल्डर हाताने मांडावे लागतात. सिस्टिम-डीच्या सर्व्हिससाठी व्हेरिएबलं सर्व्हिसच्या फाइलीत 'एन्व्हायर्नमेंट=' या ओळीत द्यायची. ती ओळ बदलल्यावर आधी 'डेमन-रीलोड', मग सर्व्हिस रीस्टार्ट. नुसतं रीलोड केलं तर चालू असलेली प्रोसेस जुन्याच यादीवर चालत राहते, आणि 'सिस्टिम-सीटीएल शो' मात्र नवं मूल्य दाखवतं. खरं काय ते बघायला परत त्या प्रोसेसचा नंबर घेऊन '/प्रॉक' मध्येच जावं लागतं.